जिप्सीचा मागचा पाटा पुन्हा पुन्हा तुटतो? आधी तुटलेली जागा बघा

नवीन पाटा, म्हणजे गाडी तोलणाऱ्या कमानीतली पोलादी पट्टी, टाकला, काही महिने गाडी नीट चालली आणि एक दिवस शेताकडच्या पांदणीत टण्णकन आवाज होऊन मागचा डावा कोपरा पुन्हा बसला. नागपुरात राहून काटोल, कुही, उमरेडकडच्या शेतावर जिप्सी नेणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. पाटा बदलणं घरी जमतं. जागा आणि हत्यारं असली तर एका दिवसाचं काम आहे. पण त्याच बाजूचा पाटा त्याच जागी परत तुटत असेल, तर दोष पाट्यात क्वचितच असतो. तो यू बोल्टमध्ये असतो, रबरी बुशमध्ये असतो, मेलेल्या शॉकअपमध्ये (शॉक ॲब्सॉर्बरमध्ये) किंवा कमान जिथे ॲक्सलला टेकते त्या बैठकीत असतो. आपण फक्त पाटा बदलतो आणि गाडी परत त्याच दोषावर उभी करतो.

म्हणून तुटलेला पाटा लगेच भंगारवाल्याला देऊ नका. दोन्ही तुकडे जपून ठेवा. गाडीला काय झालंय ते त्या तुकड्यांइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगणार नाही.

इथे मारुती जिप्सीची मागची कमान डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि शेवटपर्यंत पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या कमानी हीच तिची रचना राहिली. तिच्यात कमान खाली असते आणि ॲक्सल तिच्यावर बसतो. कमानीच्या मधून सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. दोन यू बोल्ट वरून ॲक्सलला कवळून खालच्या प्लेटला आवळलेले असतात. सगळ्यात वरच्या, लांब मेन पाट्याच्या दोन्ही टोकांना बुश बसवायला गोल डोळे असतात. मागच्या कमानीचा पुढचा डोळा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्का असतो आणि मागचा शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर झुलतो. जुन्या जीपवाल्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल, फक्त मापं वेगळी.

पाटा कुठे तुटला?

सगळ्यात जास्त सापडणारी जागा म्हणजे मधोमध, बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून. भोक पाडल्यामुळे तिथे पोलाद कमी असतं आणि कमानीवरचा ताणही तिथेच सर्वांत जास्त असतो. तरीही चांगल्या बसवलेल्या गाडीत तिथे पाटा तुटत नाही, कारण यू बोल्टनी तो भाग असा घट्ट दाबलेला असतो की तिथे वाकायला वावच राहत नाही. यू बोल्ट ढिले झाले की तोच भाग प्रत्येक खड्ड्यात वाकायला लागतो आणि भोकाच्या काठातून चीर सुरू होते. भोकातून तुटलेला पाटा म्हणजे ढिले यू बोल्ट. निदान इथेच धरा आणि ते खोटं ठरेपर्यंत दुसरीकडे जाऊ नका.

सेंटर बोल्टबद्दल एक गैरसमज आहे. ॲक्सल त्यानेच धरून ठेवलेला असतो असं पुष्कळ जण समजतात. त्याचं काम पाटे एकत्र ठेवणं आणि ॲक्सल जागेवर बसवणं एवढंच. धरून ठेवायचं काम यू बोल्टच्या दाबाचं. तो दाब गेला की ब्रेकचा आणि इंजिनाचा सगळा जोर त्या बारीक बोल्टवर येतो, तो कातरला जातो आणि ॲक्सल मागे सरकतो. मग गाडी सरळ रस्त्यावर तिरकी पळते आणि एका बाजूचं टायर मडगार्डला घासतं.

डोळ्याजवळ तुटला असेल तर बुश आणि शॅकल बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यात रबर कडक होऊन फुटतं. बुशमधली लोखंडी नळी बोल्टवर गंजून चिकटली की शॅकल मोकळा झुलत नाही आणि पाट्याला जी हालचाल सहज मिळायला हवी ती त्याला स्वतःला पिळून घ्यावी लागते. पुढच्या पक्क्या डोळ्याकडे तुटला असेल तर चिखलातून गाडी काढताना झटक्याने क्लच सोडण्याची सवयही तपासा. त्या वेळी ॲक्सल उलटा फिरायला बघतो आणि कमानीच्या पुढच्या अर्ध्या भागाला पीळ देतो.

दुसऱ्या पाट्याचं टोक जिथे मेन पाट्याला टेकतं तिथे तुटला असेल, तर पाटा उलटा करून खालची बाजू बघा. टोकाने घासून आडवी खाच पडलेली दिसेल आणि चीर तिथूनच निघालेली असेल. अशा वेळी पाटे एकत्र बांधणाऱ्या क्लिपाही बघा. बऱ्याच गाड्यांत त्या उघडलेल्या असतात किंवा मागच्या कामात काढून टाकलेल्या असतात. चाक खड्ड्यातून उसळून खाली लोंबकळतं तेव्हा खालचे पाटे मेन पाट्यापासून सुटू नयेत म्हणून त्या क्लिपा. त्या नसल्या की त्या क्षणी सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो. मेलेला शॉकअप हीच उसळी आणखी वाढवतो.

आता तुटलेलं तोंड पाण्याने धुऊन उन्हात धरा. बहुतेक वेळा त्यावर दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, गंजून तांबूस झालेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक गोलाकार रेषा. दुसरा ताजा, चकचकीत, दाणेदार. तांबूस भाग म्हणजे आधीपासून पडत आलेली चीर, दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या धक्क्याला तुटलेलं पोलाद. तांबूस भाग अर्ध्याहून मोठा असेल तर पाटा कित्येक आठवडे तुटत होता, ज्या खड्ड्याला तुम्ही दोष देताय त्याने फक्त शेवट केला. सगळंच तोंड दाणेदार आणि ताजं असेल तर मात्र धक्का मोठा होता किंवा वजन जास्त होतं. चीर जिथून सुरू झाली तिथे हातोड्याचा घाव, पंचाची खूण किंवा वेल्डिंगचा थेंब आहे का, तेही बोटाने चाचपून बघा. कमानीच्या पोलादाला साधा ओरखडासुद्धा सोसत नाही.

एक उदाहरण

मानेवाड्याच्या एका मुलाची जिप्सी. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की मागे क्रेट भरून गाडी बांधापासून रस्त्यापर्यंत सारखी फिरते. "काका, पाटा पुन्हा गेला. पोळ्याच्या आधीच तर टाकला होता. काहून तुटून राहिला हा?" पाटा भोकातून तुटला होता, म्हणजे यू बोल्टकडे बोट होतं. पण त्याने यू बोल्ट नवे टाकले होते आणि दर पंधरा दिवसांनी आवळतही होता.

ॲक्सल उचलून कमान खाली काढली तेव्हा कारण दिसलं. बैठकीतलं भोक, ज्यात सेंटर बोल्टचं डोकं गोल बसायला हवं, ते पुढे-मागे झिजून लांबट झालं होतं. बैठकीच्या तळालाही पाट्याने घासून पोकळ खळगी पाडली होती. नवा सपाट पाटा त्या खळगीवर फक्त दोन्ही काठांना टेकत होता. यू बोल्ट कितीही आवळा, मधला भाग अधांतरीच. खालच्या प्लेटभोवती आणि पाट्यांच्या फटीत विटकरी रंगाची बारीक भुकटी साचली होती. ही भुकटी नीट ओळखा. लोखंड लोखंडावर सतत थोडं थोडं सरकत राहिलं की ती तयार होते. चिखलाचा काळा थर धुऊन काढल्यावर यू बोल्टपाशी ती दिसली, तर नट हाताला घट्ट लागले तरी पकड गेलेली आहे असं समजा.

ती बैठक भरून, सपाट करून, भोक पुन्हा मापात आणून घेतलं. ते काम खरादीवाल्याचं आणि चांगल्या वेल्डरचं आहे, घरचं नाही. ॲक्सलच्या नळीवर जास्त उष्णता गेली तर ती वाकते, म्हणून थांबत थांबत वेल्डिंग करणारा माणूस बघा.

डावीच बाजू का तुटते, हा त्याचा दुसरा प्रश्न होता. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे समोरून ट्रक आला की डांबराची कड सोडून खाली उतरतं ते डावं चाक. पांदणीतही पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत हिवाळ्यापर्यंत दगडासारख्या कडक होतात आणि कडेची चाकोरी बहुधा जास्त खोल असते. वजनाचाही विचार करा. संत्र्याचा भरलेला एक क्रेट २० किलोच्या आसपास जातो. पंधरा क्रेट म्हणजे ३०० किलो, वर मागे बसलेली तीन माणसं. एक टनाच्या आतबाहेरच्या गाडीला मागच्या ॲक्सलवर हा मोठा भार आहे, आणि क्रेट सोयीने एकाच बाजूला रचले तर आणखीच.

घरी बदलताना

काँक्रीटची सपाट जागा हवी. अंगणात काळी माती असेल तर काम दुसरीकडे करा, जॅक त्यात भरवसा न देता तिरका रुततो. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागची चाकं हवेत गेल्यावर हँडब्रेक कामाचा नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.

गाडी उचलून दोन्ही बाजूंना चासीखाली, मागच्या कमानीच्या पुढच्या हँगरच्या (कमान चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) थोडं पुढे, जॅक स्टँड लावा. विटांचा थर लावून खाली शिरू नका. वीट न सांगता फुटते. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर थांबेल. ॲक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक लावा. पुढचं सगळं काम या जॅकने ॲक्सल थोडा वर, थोडा खाली करत होतं. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला की ॲक्सल आणखी खाली येतो, तेव्हा ब्रेकच्या रबरी नळीकडे लक्ष ठेवा. ती ताणली जाता कामा नये.

जुने यू बोल्ट गंजून बसले असतील तर ग्राइंडरचा मोह होतो. जिप्सी पेट्रोलवर चालते आणि टाकी मागेच आहे. ठिणग्या उडवू नका, हॅक्सॉने कापा. अर्धा तास जास्त जाईल. यू बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात, त्यामुळे कापल्याचं दुःख नको.

डोळ्यातला बोल्ट निघत नसेल तर आट्यांवर हातोडा मारू नका. नट टोकाशी सपाट येईल इतका चढवा आणि मग ठोका. आधी पाना लावून बोल्ट जागच्या जागी फिरतो का बघा. फिरला तर निम्मं काम झालं.

कमान बाहेर आली की ती लगेच उघडू नका. इथे लोक बोटं गमावतात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक मजबूत सी क्लॅम्प लावा, मगच बोल्ट काढा आणि क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे सोडा. पाट्यांत साठलेला जोर बोल्ट निघताच मोकळा होतो. त्या रेषेत तोंड किंवा हात नको. सोडण्यापूर्वी प्रत्येक पाट्याच्या पुढच्या टोकाला रंगाचा ठिपका द्या. सेंटर बोल्टपासून पुढचा आणि मागचा भाग सारख्याच लांबीचा असतो असं गृहीत धरू नका, मोजून घ्या.

नवा मेन पाटा जुन्या, बसलेल्या पाट्यांवर घालायचा की नाही? माझं मत स्पष्ट आहे: नाही. नव्या पाट्याची कमान जास्त, जुन्यांची कमी. दोन्ही एकत्र आवळले की वजन वाटलं जात नाही, बराचसा भार नवा पाटा उचलतो आणि तोच आधी जातो. शक्यतो दोन्ही बाजूंची पूर्ण कमान एकदम बदला. खर्च झेपत नसेल तर जुने पाटे कमानीचं काम करणाऱ्याकडे नेऊन नव्याच्या मापाला बसवून घ्या. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट भागात ट्रकसाठी हे काम करणारे मिळतात. दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच माणसाकडून करून घ्या.

जोडताना सेंटर बोल्ट नवा आणि हाय टेन्साइल घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. डोकं बैठकीच्या भोकात हलता कामा नये. पाट्यांच्या टोकांना ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात चालेल, पण यू बोल्टखाली येणारा मधला भाग कोरडा ठेवा. तिथे घर्षणच हवं आहे. जळकं इंजिन ऑइल कमानीवर मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने बुशचं रबर फुगून मऊ पडतं आणि तेलावर धूळ बसून पाटे घासत राहतात. ती सोडून द्या.

यू बोल्टचे चारही नट चौकडीत, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, आणि खाली उरलेले आटे चारही ठिकाणी सारखे दिसतात का बघा. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र आत्ता फक्त हाताने बसवा. चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबा आणि मग ते पक्के आवळा. गाडी हवेत असताना आवळले तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली येताच पिळला जाऊन काही महिन्यांत फाटतो. नवा पाटा डोळ्याजवळ तुटण्याच्या वाटेवर तिथेच लागतो.

प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल, पाना लावायचीही गरज नाही. पहिल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर, म्हणजे काटोलला एकदा जाऊन आल्यावर, यू बोल्ट परत आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड थोडी कमी होतेच. पाचशे किलोमीटरला पुन्हा एकदा. यात आळस नको, इथे सुटलेला अर्धा फेराच पुढे भोकातून तुटलेला पाटा होतो.

दोन उपाय जे करू नका

तुटलेला पाटा वेल्ड करू नका. कमानीचं पोलाद भट्टीत तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेला आणून लवचीक केलेलं असतं. वेल्डिंगच्या बाजूला ते ठिसूळ होतं आणि टाक्याच्या शेजारीच मोडतं. रात्री पेंचकडच्या सिल्लारीच्या रस्त्यावर अडकलात तरी ते वेल्डिंग घरापर्यंत पोचवेल असं धरून चालू नका. खालचा एखादा पाटा तुटला असेल तर सामान उतरवून सावकाश घरी येता येईल. मेन पाटा पुढच्या पक्क्या डोळ्याकडे तुटला असेल तर गाडी चालवू नका, तिथे ॲक्सलला धरणारं काही उरलेलं नसतं.

दुसरा उपाय, जास्तीचा पाटा घालून कमान कडक करणं. कोपरा बसत नाही हे खरं, पण जो धक्का कमान पचवत होती तो आता हँगरला आणि चासीला जातो. रबरी बंप स्टॉप जागेवर नसेल तर ॲक्सल थेट चासीवर आदळतो, दोन्हींवर चकाकणारे घाव दिसतात. वजन कमी करा, बंप स्टॉप आणि शॉकअप नवे टाका, त्याने जास्त फरक पडेल. शॉकअप तपासायला कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन शांत व्हायला हवी. डोलत राहिली किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलं असेल तर तो गेला.

कमान बाहेर असेपर्यंत हँगरची जोडणी आणि त्याच्या आजूबाजूची चासी तारेच्या ब्रशने घासून, टॉर्च लावून बघा. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला गंज दिसला तर ती चीर आहे. नवी कमान चढवण्याआधी ती दुरुस्त झाली पाहिजे, आणि तीही चासीचं काम करणाऱ्या माणसाकडून. वेल्डिंगच्या आधी गाडीच्या बॅटरीची वायर काढायला सांगा आणि टाकी बाजूला करून घ्या.